कोकण, मुंबई, पुणे : ज्यू दफनभूमींचा इतिहास अभ्यासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या पट्ट्यात गावाबाहेरच्या झाडीत हिब्रू आणि मराठी अक्षरं कोरलेले दगड उभे दिसतात. ही बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, कबरस्तानं. कुणी घराण्याचा शोध घेत तिथे येतं, कुणी स्थानिक इतिहासासाठी, कुणी नुसतं कुतूहल म्हणून. येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधी लक्षात असू द्या. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे कबर उकरता येत नाही, त्यामुळे उत्खननाचा रस्ता बंद आहे. जे कळायचं ते जमिनीवर जे दिसतं त्यातून आणि दप्तरातल्या कागदांतून. दगडाचा वरचा पापुद्रा गेला, तर खाली दुसरा पुरावा तुमची वाट पाहत बसलेला नाही.

ज्यू परंपरेत नेमकी कोणती दफनभूमी पवित्र मानतात?

दोन गोष्टींची इथे गल्लत होते. पहिली : कुठलीही ज्यू दफनभूमी जपण्याजोगी, मग तिथे साधा तेली पुरलेला असो की सुभेदार. तिला हिब्रूत ‘बेथ हैय्यिम’ म्हणजे ‘जिवंतांचं घर’ म्हणतात. मरणाचं नाव थेट न घेण्याची ती रीत. आपण दिवा ‘शांत झाला’ म्हणतो तसंच. दुसरी : संदेष्टे, धर्मगुरू, साधुपुरुष यांच्या कबरी. तिथे लोक यात्रेला जातात, पुण्यतिथीला दिवे लावतात. हेब्रॉनची मखपेला गुहा (अब्राहामच्या घराण्याची), बेथलेहेमजवळची राहेलची कबर, इराकमध्ये अल-किफ्ल इथली यहेज्केल संदेष्ट्याची कबर, मेरोनला शिमोन बार योखाईंची कबर ही त्यातली नामांकित. प्रार्थना मात्र देवाचीच करायची, मेलेल्याची नाही, हा धर्मशास्त्राचा आग्रह आहे. प्रत्यक्ष यात्रेत ही रेघ किती पाळली जाते, हा निराळा विषय.

अभ्यासाची पद्धतही दोन्हीकडे वेगळी. साध्या कबरस्तानात प्रश्न असतो ‘इथे कोण आहे?’ यात्रास्थळी पहिला प्रश्न असा : ‘इथे अमुक आहे असं लोक कधीपासून म्हणायला लागले?’ राहेलची कबर एफ्राथच्या वाटेवर आहे असं बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात येतं, तर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात ती बन्यामीनच्या हद्दीवर सांगितली आहे. अशा वेळी खरी जागा कुठली यावर डोकं फोडण्यापेक्षा सर्वात जुना उल्लेख शोधावा आणि तिथून पुढे यावं. अल-किफ्लचं सविस्तर वर्णन बाराव्या शतकातला प्रवासी तुदेलाचा बेंजामिन करतो. तेव्हाही तिथे ज्यूंबरोबर मुसलमान येत होते.

भारतात अशी यात्रेची ज्यू कबर आहे का?

आहे. कोचीला मट्टनचेरीत नेहेमिया मुता यांची. कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, जाणणारे साधुपुरुष म्हणून त्यांची ख्याती. ज्यूंखेरीज हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान शेजारीही तिथे नवस बोलत आले आहेत. मृत्यूची तिथी ज्यू पंचांगाप्रमाणे २५ किस्लेव ५३७६, म्हणजे हनुक्का या दिव्यांच्या सणाचा पहिला दिवस. या तारखेकडे खाली पुन्हा यायचं आहे.

केरळातच चेंदमंगलमला सारा बत इस्राएल या बाईच्या कबरीचा दगड आहे, १२६९ चा. भारतात सापडलेला हा सर्वात जुना हिब्रू लेख मानतात.

नवगावला काय आहे?

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं अशी बेने इस्रायलांची परंपरा. पुरुषांचा आणि बायकांचा असे दोन उंचवटे दाखवतात. शेजारी पुढच्या काळातलं कबरस्तान आणि एक स्मारकस्तंभ आहे.

लिहिताना ‘परंपरेप्रमाणे’ हा शब्द गाळू नका. हा प्रसंग कधी घडला याबद्दल अंदाजांत शेकडो वर्षांचा फरक आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला. त्यांनी हा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेला. बाकीचे तो बराच अलीकडे आणतात. उंचवट्यांवर लेख नाही आणि उकरायचं नाही. म्हणजे नवगाव तारखेचा पुरावा देत नाही, आठवणीचा देतं. ही आठवण कुणी, कधी, कुठल्या शब्दांत नोंदवली याचा क्रम लावणं हाच इथला इतिहास, आणि तो कमी मोलाचा नाही.

खंडाळ्याला एलिया संदेष्ट्याची कबर आहे म्हणतात, खरं का?

नाही. एलिया मेलाच नाही, रथातून सदेह स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे. मग कबर कुठून येणार? अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला (लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे) खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या म्हणून दाखवतात. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं मलिदा (पोहे-फळांच्या प्रसादाचा विधी) करतात, तिथेही लोक नवस फेडायला जातात. स्थळ पवित्र खरं, पण दफनस्थळ नव्हे. यादीत वेगळ्या रकान्यात घाला.

परवानगी कुणाची घ्यायची?

गावात किंवा जवळच्या तालुक्याला सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) असेल तर तिथल्या विश्वस्तांची. रायगडातल्या अनेक गावांत आता एकही ज्यू घर उरलेलं नाही. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अशा ठिकाणी अलिबाग, पेण किंवा पनवेलच्या सिनेगॉगकडे चौकशी करावी, बहुधा तिथूनच देखरेख होते. लेखी परवानगी घ्या, ग्रामपंचायतीला तोंडी सांगा आणि पोलीस पाटलाला माहीत असू द्या. अनोळखी माणसं कबरस्तानात टेप लावून मोजमाप करताना दिसली की ‘जमीन विकली जातेय’ अशी आवई तासाभरात उठते.

गावात विचारताना ‘ज्यू सिमेट्री’ म्हणू नका, कुणाला कळत नाही. ‘इस्रायलांचं कबरस्तान’ म्हणा. जुनी माणसं ‘शनवार तेल्यांचं’ असंही म्हणतात. हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, त्यावरून ते नाव. सिनेगॉगला कोकणात ‘इस्रायलांची मशीद’ म्हणायची रीत आहे. वाट विचारताना आणि कागद वाचताना, दोन्ही वेळा हे ध्यानात हवं.

कोणत्या दिवशी जाऊ नये? आत काय पाळावं?

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत जाऊ नये. सणांच्या दिवशीही नाही. एलूल महिन्यात, म्हणजे रोश हशानाच्या (ज्यू नववर्षाच्या) आधी, कुटुंबं कबरींवर येतात. त्या दिवसांत मोजमाप बाजूला ठेवा. मात्र माहिती सांगणारी माणसं तेव्हाच भेटतात, हेही खरं.

पुरुषांनी डोकं झाकावं. टोपी, रुमाल काहीही चालतं. आत खाणंपिणं करू नये, कबरीवर बसू नये, ओलांडून जाऊ नये, वहीसुद्धा कबरीवर टेकवू नये. बाहेर पडताना हात धुतात, तेव्हा बाटलीभर पाणी गाडीत वेगळं ठेवा. कबरीवर ठेवलेले लहान खडे कचरा समजून उचलू नका; येऊन गेलेल्या माणसाची ती खूण आहे. फुलांची पद्धत सगळीकडे नाही, नेऊ नका.

हंगाम कोणता बरा?

जानेवारी ते मार्चचा पहिला आठवडा. पावसात दगडांवर शेवाळाचा थर चढतो, दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं असतं. गवत वाळून बसलं की पडलेले दगड दिसायला लागतात. ऊन-पावसाखेरीज एक गोष्ट गंभीरपणे घ्या : फुरसं. कोकणात दगडाखाली, पालापाचोळ्यात ते हमखास सापडतं. घोट्याच्या वर जाणारे बूट घाला, काठीनं आधी पाला हलवा, आडव्या दगडाखाली बोटं घालू नका. विषप्रतिबंधक लस जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळते, हे कामाच्या आदल्या दिवशी विचारून ठेवा.

दगडावर कोणकोणत्या भाषा असतात?

जुन्यात जुन्या कबरींवर बहुधा काहीच नसतं. जांभ्याच्या चिऱ्यांची चौकट किंवा डोक्याशी रोवलेला अनघड दगड, इतकंच. एकोणिसाव्या शतकात लेख वाढत जातात. हिब्रू आणि मराठी एकत्र, मुंबईत त्यांच्या जोडीला इंग्रजी.

तिन्ही भाषा एकच मजकूर सांगतात असं धरून चालू नका. हिब्रूत बहुधा नाव, बापाचं नाव आणि तिथी. मराठीत आडनाव, गाव, नातं, कधी पलटणीतला हुद्दा. इंग्रजीत वय आणि इंग्रजी तारीख. घराण्याचा धागा हाती लागतो तो मराठीतूनच, कारण ‘केहीमकर’, ‘नवगावकर’, ‘पेणकर’, ‘दिवेकर’ ही गावावरून पडलेली आडनावं हिब्रू मजकुरात सहसा येत नाहीत. परदेशातून आलेले अभ्यासक हिब्रू टिपून घेतात आणि मराठी ओळी सोडून जातात. मग त्यांच्या यादीत पंधरा ‘अब्राहाम बेन यित्सहाक’ उरतात आणि कुणाचाच पत्ता लागत नाही.

नावं जुळत नाहीत, काय करायचं?

एकाच माणसाची दोन नावं असायची, शास्त्रातलं आणि व्यवहारातलं. सॅम्युएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, अब्राहामचा आबाजी. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ. दगडावर एक नाव, पलटणीच्या कागदात दुसरं आणि जमिनीच्या उताऱ्यावर तिसरं लेखन असेल, तर घाईनं तीन माणसं करू नका आणि घाईनं एकही करू नका. बापाचं नाव, गाव आणि साल या तिन्हींपैकी निदान दोन जुळली तरच नोंदी जोडा.

हिब्रू येत नाही. तरी तिथी वाचता येईल का?

येईल. बावीस अक्षरं आणि त्यांच्या किमती पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. उजवीकडून डावीकडे वाचायचं.

आलेफ १, बेत २, गिमेल ३, दालेत ४, हे ५, वाव ६, झायिन ७, खेत ८, तेत ९. पुढे योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०. मग कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. पंधरा आणि सोळा हे आकडे तेवढे वेगळे लिहितात : ९ अधिक ६ आणि ९ अधिक ७, कारण दहाला पाच किंवा सहा जोडले की देवाच्या नावाची अक्षरं होतात.

सालात हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. समजा ताव-रेश-नून-खेत अशी अक्षरं आहेत : ४००, २००, ५०, ८, बेरीज ६५८. पूर्ण साल ५६५८. इसवी सन काढायला ६५८ मध्ये १२४० मिळवा : १८९८. पूर्ण आकडा असेल तर ३७६० वजा करा, उत्तर तेच.

आता मेख. हिब्रू वर्ष तिश्रीत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. तिथी तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतची असेल तर आणखी एक वर्ष कमी करायचं. तिश्री आणि हेश्वान नेहमीच यात येतात, किस्लेव जवळजवळ पूर्ण. तेवेत मात्र डिसेंबर-जानेवारीवर पसरतो, तो महिना पंचांग पाहूनच ठरवावा. नेहेमिया मुतांचं साल ५३७६. नुसते ३७६० वजा केले तर १६१६ येतं. पण २५ किस्लेव डिसेंबरात पडतो, म्हणून बरोबर साल १६१५. शके इसवीत बदलताना जानेवारी ते चैत्रापर्यंत ७८ ऐवजी ७९ मिळवतो, त्यातलाच हा प्रकार. एखाद्या दगडावर शकही दिलेला सापडला तर तोही असाच पडताळून घ्या.

आणखी एक : ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. संध्याकाळी सातला गेलेल्या माणसाची हिब्रू तिथी दुसऱ्या दिवसाची असते. हिब्रू आणि इंग्रजी तारखेत एका दिवसाचा फरक दिसला तर ती चूक नसून मृत्यूच्या वेळेची माहिती असू शकते.

वाचलेलं बरोबर आहे हे कसं पडताळायचं?

तीन चाळण्या लावा.

वार : हिब्रूत वारांना आकडे असतात. पहिला दिवस रविवार, दुसरा सोमवार, शनिवार तेवढा ‘शब्बाथ’. दगडावर वार असेल तर तारीख काढून तो जुळतो का बघा.

अधिक मास : ज्यू पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा, आणि तो नेहमी अदारचाच. हिब्रू सालाला १९ नं भागा. बाकी ०, ३, ६, ८, ११, १४ किंवा १७ उरली तरच त्या वर्षी दोन अदार. दगडावर ‘दुसरा अदार’ असेल आणि तुमच्या सालाची बाकी ५ येत असेल, तर साल चुकीचं वाचलंय.

सारखी दिसणारी अक्षरं : हे आणि खेत यांत फरक फक्त डाव्या पायाच्या वर असलेल्या छोट्या फटीचा. चुन्यानं किंवा रंगानं ती फट बुजली की ५ चे ८ होतात. ताव-रेश-मेम-हे म्हणजे ६४५ चं साल (१८८५) ६४८ (१८८८) होऊन बसतं. तसेच बेत-काफ, गिमेल-नून, वाव-झायिन. बेत-काफ चुकलं तर २ चे २० होतात, पण तिथे अक्षरांचा क्रम सांभाळून घेतो, कारण मोठी किंमत आधी येते. हे-खेतला तो आधार नाही, दोन्ही एककच. सर्वाधिक चुका तिथेच होतात.

काही शोभिवंत दगडांवर साल सरळ न देता बायबलच्या वचनात लपवलेलं असतं. वचनातल्या काही अक्षरांच्या डोक्यावर टिंब किंवा रेघ असते, तेवढ्यांचीच बेरीज करायची. टिंबं झिजली असतील तर नाद सोडा आणि कागदांकडे वळा.

सुरुवातीला ‘पे-नून’ आणि शेवटी पाच अक्षरं दिसतात, ती काय?

‘पे-नून’ म्हणजे ‘इथे पुरला आहे’ किंवा ‘इथे पुरली आहे’. शेवटची पाच अक्षरं, ताव-नून-त्सादी-बेत-हे, ‘त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो’ या अर्थाच्या वचनाची आद्याक्षरं आहेत. ती साल समजून बेरीज करू नका. नवखे लोक हमखास करतात.

चिन्हांवरून काय कळतं?

थोडंच. आशीर्वादासाठी पसरलेले दोन पंजे म्हणजे कोहेन, पुरोहित घराणं. पाण्याचा घडा म्हणजे लेवी, पुरोहितांचे मदतनीस. बेने इस्रायलांत कोहेन-लेवी परंपरेनं नाहीत. तेव्हा त्यांच्या कबरस्तानात पंजे कोरलेला दगड दिसला, तर तो बहुधा बगदादी (इराककडून आलेल्या ज्यू), कोचीकर किंवा युरोपीय माणसाचा. षट्कोनी ताऱ्यावरून काळ ठरवायला जाऊ नका.

दगड कसा साफ करायचा?

बहुतेक वेळा करायचाच नाही. वाचता येत असेल तर हात लावू नका. शेवाळानं अक्षरं झाकलीच असतील तर साधं पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि बांबूची काडी, बस. एका दगडाला दोन-तीन लिटर पाणी लागतं. आधी दगड भिजवा, मग खालून वर घासत जा. वरून सुरुवात केली तर ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि डाग पडतात.

संगमरवरावर लिंबू, व्हिनेगर, संडास धुण्याचं ॲसिड यांचा थेंबही नको. पांढराशुभ्र होतो खरा, पण वरचा थर विरघळून. हात फिरवल्यावर साखरेसारखे कण बोटांना लागले तर तो दगड आधीच सुटत चालला आहे. त्याला पाणीही लावू नका. जांभ्यावर तारेचा ब्रश चालवला की अक्षरांसकट भुकटी हातात येते. काळा दगड सोशीक असतो, तरी तारेचा ब्रश त्यालाही नको.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळण्याची युक्ती अजून सांगितली जाते. पिठावर बुरशी येते, फेसातली रसायनं दगडात मुरतात, खडूचे कण छिद्रांत बसतात. कागद ठेवून शाईचा ठसा घेणं ताम्रपटाला ठीक, इथे नको. आणि ऑइलपेंटनं अक्षरं ‘नवी’ करणं हा सर्वात मोठा घात. हिब्रू न जाणणारा रंगारी ब्रश फिरवताना ‘हे’चा ‘खेत’ करून जातो, आणि पुढची पिढी ती चूकच मूळ लेख म्हणून उतरवून घेते.

मग झिजलेली अक्षरं वाचायची कशी?

तिरप्या उजेडात. डोक्यावरच्या उन्हात कोरा दिसणारा दगड सकाळी साडेसातच्या उन्हात बोलायला लागतो. सूर्य दगडाच्या पाठीशी असेल तर साधा आरसा (एक-दीड फुटी पुरे) घेऊन ऊन बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून पाडा. दुसरा माणूस फोटो काढेल. सायंकाळी बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे निदान चार फोटो घ्या. एका बाजूच्या उजेडात उभ्या रेघा दिसतात तर दुसऱ्या बाजूच्या उजेडात आडव्या. हे-खेतचा वाद बहुधा अशानंच मिटतो.

संगमरवरात अक्षरांऐवजी ओळीनं बारीक भोकं दिसली, तर तिथे शिशाची अक्षरं बसवलेली होती आणि ती कुणीतरी उपटून नेली. भोकांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. भोकांचा जवळून, पट्टी ठेवून फोटो घ्या आणि घरी निवांत जुळवा.

नोंद कशी ठेवायची?

आधी पूर्ण जागेचा नकाशा, मग एकेक दगड. मोबाइलचं स्थान चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं आणि कबरी एकमेकींपासून मीटरभर अंतरावर असतात, म्हणून तीस मीटरची टेप लागतेच. न हलणारे दोन बिंदू धरा (फाटकाचा खांब, विहिरीचा कठडा) आणि दोन्हींपासून प्रत्येक कबरीचं अंतर मोजा. रांगांना अक्षर, कबरींना आकडा. दगडावर रंगानं क्रमांक घालायचा नाही. चिठ्ठी जमिनीवर ठेवून फोटो घ्या आणि उचला.

प्रत्येक नोंदीत लांबी-रुंदी-जाडी, दगडाचा प्रकार, तोंड कुठल्या दिशेला (होकायंत्राचे अंश), उभा की आडवा की तुटका, कुठल्या भाषा, मजकूर ओळीला ओळ, आणि जे वाचता आलं नाही तिथे चौकोनी कंस. अंदाजानं भरलेलं अक्षर कंसाबाहेर लिहिलं की महिन्याभरानं तुम्हालाच ते खरं वाटू लागतं. दोघांच्या जोडीनं दिवसाला पंधरा-वीस दगड नीट होतात. पन्नास झाले असं कुणी म्हणालं तर त्यातले तीस पुन्हा करावे लागतील.

लेख नसलेल्या कबरीही मोजायच्या. लोक त्याच सोडतात, आणि सर्वात जुना थर बहुधा तोच असतो. एक सावधगिरी : जीर्ण झालेले धर्मग्रंथ आणि तोराच्या (मुख्य धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्याही दफनभूमीत पुरतात. नाव नसलेला प्रत्येक उंचवटा माणसाचाच असेल असं नाही.

पडलेला दगड उभा करू का?

नको. दोन फूट बाय तीन फूट, दोन इंच जाडीचा संगमरवर सत्तर किलोच्या आसपास भरतो. मधे चीर असेल तर उचलताना दोन तुकडे आणि पायावर पडला तर दवाखाना. शिवाय तो जिथे पडलाय ती जागा हाही पुरावा आहे. फोटो काढा, विश्वस्तांना कळवा. ते दुरुस्ती करणार असतील तर सिमेंटऐवजी चुना वापरा एवढं जरूर सांगा. सिमेंट जांभ्यापेक्षा कडक असतं, ओल आत कोंडतं, आणि काही पावसाळ्यांनी चिरा सांध्याशेजारी फुटतो; सांधा तसाच राहतो.

कागदपत्रं कुठे बघायची?

जमिनीपासून सुरुवात करा. सातबारा, गावनकाशा, जुने फेरफार. शहरात मिळकत पत्रिका. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ आणि पोटखराब्याची नोंद वाचा. ‘कबरस्तान’ एवढाच शब्द असेल तर ते ज्यूंचं की मुसलमानांचं हे त्यावरून ठरत नाही. जुन्या फेरफारात ‘इस्रायल’, ‘शनवार तेली’ किंवा ‘यहुदी’ शब्द सापडतो का पाहा. संस्था नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या नोंदवहीत मालमत्तेचा तपशील असतो. सिनेगॉगच्या जन्म-मृत्यू नोंदी आणि सभांची इतिवृत्तं मराठीतही असतात. अलिबागचं सिनेगॉग १८४८ चं, पनवेलचं १८४९ चं, त्यामुळे त्याआधीचं काही तिथे मिळेल ही आशा धरू नका. कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटियर १८८३ चं, पुण्याचं १८८५ चं. दोन्हीत बेने इस्रायलांच्या रीतिरिवाजांची माहिती आहे; उपयोगी आहे, पण ती बाहेरून पाहणाऱ्या साहेबाची नजर आहे.

मखपेला गुहेची खरेदी उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात वाचून पाहा. चारशे शेकेल चांदी, शेत, गुहा, हद्दीतली झाडं, वेशीवरचे साक्षीदार : अगदी चतुःसीमेसकट खरेदीखत. दफनभूमीचा इतिहास जमिनीच्या कागदापासून सुरू करायची सवय त्या परंपरेतच आहे.

मुंबईत आणि पुण्यात काय पाहावं?

मुंबईत बेने इस्रायल आणि बगदादी यांच्या दफनभूमी वेगळ्या का, या प्रश्नापासून सुरुवात करा. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी दोन्ही समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालावी असा अर्ज सरकारकडे केला होता. चिंचपोकळीचं कबरस्तान एलियास डेव्हिड ससून यांनी मुलाच्या, जोसेफच्या, स्मरणार्थ १८७८ मध्ये दिलं, वरळीत डॉ. ई. मोझेस मार्गालगत बेने इस्रायलांचं आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहिली की दगडांचा आकार, भाषा आणि मजकूर यांतला फरक डोळ्यांत भरतो.

पुण्यात लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात डेव्हिड ससून यांची समाधी आहे. ते १८६४ मध्ये वारले, सिनेगॉग १८६७ मध्ये पुरं झालं. सिनेगॉगच्या अंगणात कबर असणं नेहमीचं नाही : कोहेन माणसानं कबरीजवळ जायचं नसतं, आणि दफनभूमी वस्तीपासून दूरच ठेवतात. समाधी वेगळ्या छताखाली का, हे इथे उभं राहिलं की कळतं.

आम्ही इस्रायलमध्ये असतो. पणजोबांची कबर शोधायची आहे, काय पाठवू?

मराठी आडनाव, गाव, व्यवहारातलं नाव, बापाचं नाव, आणि घरात पुण्यतिथी कुठल्या हिब्रू तिथीला पाळतात ती तिथी. साल आठवत नसलं तरी चालेल. तिथी आणि महिना पिढ्यानपिढ्या पाळलेला असतो, त्यावरून दगड सापडतो. जुन्या पत्रांतली मोडी किंवा देवनागरी पानं असतील तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. मागच्या बाजूलाच बऱ्याचदा गावाचं नाव असतं.

यादी इंटरनेटवर टाकावी का?

मजकूर आणि फोटो टाका, विश्वस्तांना विचारून. राखणदार नसलेल्या कबरस्तानाचं नेमकं स्थान मात्र टाकू नका. संगमरवराच्या लाद्या चोरीला जातात आणि मोकळ्या जागेवर डोळा ठेवणारेही असतात. गेल्या पन्नास वर्षांतल्या कबरींचे तपशील घरच्यांच्या होकाराशिवाय देऊ नयेत. यादीची एक छापील प्रत सिनेगॉगमध्ये ठेवा, एक तालुक्याच्या वाचनालयात, आणि प्रत्येक पानावर पाहणीची तारीख घाला. दहा वर्षांनी कुणी पुन्हा मोजायला आला, तर मधल्या काळात कुठला दगड गेला ते त्याला त्यावरूनच कळणार आहे.